काचपट्टीवरची साक्ष



ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पुष्कळ दुखण्यांना ती लागू पडते. पण आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे त्याला ती विशेषच लागू पडते. मुलगी वयात आली आणि महिन्याच्या महिन्याला तिचे पोट दुखू लागले, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला सांगत आल्या आहेत, ‘बाईच्या जातीला हे चुकलेले नाही. लग्न होऊन एक मूल झाले की थांबेल आपोआप.’ कावळा शिवला की मुलीने दूर बसावयाचे, एवढे साऱ्या घराला ठाऊक असे; पण दूर बसलेल्या त्या मुलीला दुखते किती, हे विचारण्याची रीत नव्हती. पाळीच्या दिवसांत थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे, हे खरे. परंतु जे दुखणे मुलीला शाळा बुडवावयास लावते, नोकरी करणाऱ्या स्त्रीला दर महिन्याला रजा घ्यावयास लावते, आणि वर्षागणिक वाढतच जाते, ते स्वाभाविक म्हणून सोडून देता येत नाही. अशा वेदनेच्या मागे जे विकार असतात त्यांतील एक प्रमुख विकार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा विकार आहे.

या विकाराची मोठी अडचण अशी की तो बाहेरून दिसत नाही. रक्ताच्या तपासणीत त्याची खात्रीची खूण सापडत नाही. सोनोग्राफीत त्याची काही रूपे दिसतात आणि काही दिसत नाहीत. त्याचा सर्वांत प्रत्यक्ष पुरावा मिळतो तो काचेच्या एका लहानशा पट्टीवर, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली. त्या पट्टीवर काय दिसते, विकाराच्या निरनिराळ्या रूपांत ते कसे बदलते, आणि त्या दिसण्याचा रुग्ण स्त्रीच्या आयुष्याशी काय संबंध असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही काचपट्टी तयार कशी होते ते पाहू. शस्त्रवैद्याने काढून पाठविलेला तुकडा, मग तो तांदळाच्या दाण्याएवढा असो की लिंबाएवढा, आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. नंतर त्यातील पाणी काढून टाकून त्या जागी पॅराफिनचे मेण भरतात, आणि मेणाच्या त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्राने काप घेतात. हे काप साधारणपणे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांइतकीच ही जाडी. असा काप काचेवर पसरून त्याला दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणारा रंग पेशींची केंद्रके निळी-जांभळी करतो, आणि इओसिन हा दुसरा रंग बाकीचा भाग गुलाबी करतो. या दोन रंगांच्या छटांवरूनच आमचे बहुतेक निदान चालते.

आता निरोगी गर्भाशयाचे आतले अस्तर, म्हणजे अंतःस्तर, या पट्टीवर कसे दिसते ते सांगितले पाहिजे; कारण मूळ ओळखीचे असल्यावाचून परक्या जागी ते ओळखता येणार नाही. हा अंतःस्तर मुख्यतः दोन वस्तूंचा बनलेला असतो. एक म्हणजे ग्रंथी: उभ्या पेशींच्या एकेरी रांगेने बनलेल्या बारीक नळ्या. दुसरी वस्तू म्हणजे त्या नळ्यांमधली जागा भरून काढणाऱ्या लहान, दाटीने बसलेल्या पेशी; त्यांना आपण आधारपेशी म्हणू. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, इस्ट्रोजेनच्या अमलाखाली, ग्रंथी सरळ असतात आणि त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात. बीजांड बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. मग ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाच्या खाली पांढरे ठिपके दिसू लागतात, नळ्या नागमोडी होतात, करवतीच्या दात्यांसारख्या दिसू लागतात, आणि शेवटच्या दिवसांत आधारपेशी फुगून गुबगुबीत होतात. १९५० मध्ये नॉयस, हर्टिग आणि रॉक या तीन अमेरिकन संशोधकांनी हे सर्व बदल दिवसवार मांडून दाखविले. काचपट्टी पाहून पाळीचा दिवस सांगावा, असे ते जणू गर्भाशयाचे पंचांगच होते. ते वाटले होते तितके बिनचूक नाही असे पुढे दिसून आले. परंतु पहिला पंधरवडा कोणता आणि दुसरा कोणता, हे आजही काचपट्टी पाहून सांगता येते.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे नेमक्या याच दोन वस्तू, ग्रंथी आणि आधारपेशी, गर्भाशयाच्या बाहेर सापडणे. त्यांच्या जोडीला बहुधा तिसरी एक खूण असते. बाहेर रुजलेले हे ऊतकही संप्रेरकांना प्रतिसाद देते आणि त्यातून रक्तस्राव होतो. गर्भाशयातील रक्ताला बाहेर जाण्याची वाट आहे. या रक्ताला ती नाही. ते तेथेच साचते, आणि शरीरातील भक्षक पेशी ते गिळून टाकतात. गिळलेल्या रक्तातील लोह त्यांच्या पोटात सोनेरी-तपकिरी कणांच्या रूपाने शिल्लक राहते. हे कण लोहाचेच आहेत अशी शंका फेडावयाची असेल तर एक विशिष्ट रासायनिक प्रक्रिया करतात. तिने ते गडद निळे होतात. तेव्हा ग्रंथी, आधारपेशी आणि जुन्या रक्ताची खूण, असे हे तीन साक्षीदार. तिघांपैकी दोघे हजर असले म्हणजे निदान पक्के करावे, असा आमच्या शास्त्रातील जुना दंडक आहे.

हे ऊतक गर्भाशयाबाहेर जाते तरी कसे? न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे जॉन सॅम्पसन नावाचे शस्त्रवैद्य होते. बीजांडकोशातील, चॉकलेटच्या रंगाचा द्रव भरलेल्या गाठींचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९२७ मध्ये आपली उपपत्ती मांडली. पाळीच्या वेळी काही रक्त खाली न येता गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते, त्याबरोबर अंतःस्तराचे कण जातात आणि जेथे पडतात तेथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. ही उपपत्ती आजही प्रमुख मानली जाते. पण तिच्यापुढे एक प्रश्न उभा आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की ज्यांच्या नलिका खुल्या आहेत अशा १०० पैकी सुमारे ९० स्त्रियांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त सापडते. मग विकार शंभरातील दहाजणींनाच का? बी सर्वत्र पडते आणि काही जमिनीतच उगवते, तेव्हा जमिनीतही काही निराळेपणा असला पाहिजे. त्या निराळेपणाचा शोध अजून चालू आहे.

या जमिनीप्रमाणे विकाराची रूपेही बदलतात. बेल्जियममधील निसोल आणि डोनेझ यांनी १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले की ज्याला आपण एक नाव देतो ती वस्तुतः तीन निरनिराळी दुखणी आहेत. हे मत सर्वांना मान्य नाही. परंतु काचपट्टीवर तीन निराळी चित्रे दिसतात, याबद्दल वाद नाही.

पहिले रूप वरवरचे. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, चकचकीत आवरण असते. त्याला पर्युदर म्हणतात. या आवरणावर दुर्बिणीतून लाल, काळे किंवा पांढरे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक रंगाचा सूक्ष्मदर्शकाखालील अर्थ निराळा असतो. लाल ठिपक्यात टवटवीत ग्रंथी, भोवती भरपूर आधारपेशी आणि नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. गर्भाशयातील अंतःस्तराशी याचे साम्य सर्वांत जास्त. काळ्या ठिपक्यात ग्रंथींच्या पोकळीत जुने रक्त साचलेले असते आणि भोवती तपकिरी कणांनी भरलेल्या भक्षक पेशी असतात. पांढऱ्या ठिपक्यात व्रणासारखे तंतुमय ऊतक माजलेले असते आणि त्यात एखादी एकाकी ग्रंथी उरलेली असते; कधी तीही नसते. म्हणजे रुजणे, रक्ताळणे आणि सुकून व्रण होणे अशा या तीन अवस्था असाव्यात, असे पुष्कळांना वाटते. गर्भाशयाचे पंचांग मात्र हे ऊतक नीट पाळत नाही. गर्भाशय दुसऱ्या पंधरवड्यात पोचलेले असते, तेव्हा या ग्रंथी कित्येकदा पहिल्याच पंधरवड्यात अडकलेल्या दिसतात. कारण प्रोजेस्टेरॉनला त्या पुरेशी दाद देत नाहीत. औषधोपचार काही स्त्रियांना लागू पडतो आणि काहींना पडत नाही, त्याचे एक कारण येथे आहे.

दुसरे रूप बीजांडकोशातील गाठीचे. डॉक्टर हिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. आतला द्रव म्हणजे महिनोन् महिने साचून दाट झालेले जुने रक्त. या गाठीत पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. आतले अस्तर रक्ताच्या दाबाने आणि दाहाने इतके झिजलेले असते, की कित्येक ठिकाणी ग्रंथीही दिसत नाहीत आणि आधारपेशीही. तेथे उरते तंतुमय भिंत आणि तिच्या आतल्या अंगाला फेसाळ व तपकिरी भक्षक पेशींची रांग. अशा वेळी अनेक तुकडे घेऊन, धीराने, कोठेतरी टिकून राहिलेल्या अस्तराचा पट्टा शोधावा लागतो.

या गाठीसंबंधी १९५७ मध्ये ह्यूजडन या संशोधकाने एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. ही गाठ बीजांडकोशाच्या पोटात स्वतंत्रपणे वाढलेली पिशवी नसते. बहुतेक वेळा बीजांडकोशाचे बाहेरचे सालच आत दबले जाऊन तिची भिंत बनलेली असते. वरवर पाहता ही केवळ रचनेची बारीकशी गोष्ट. पण तिच्यात एका स्त्रीचे मातृत्व गुंतलेले असू शकते. कारण स्त्रीबीजांचा जन्मभराचा साठा याच सालात असतो. शस्त्रवैद्याने गाठीची भिंत सोलून काढली आणि आम्ही ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की कधी कधी तिच्या कडेला हे बाल-बीजकोश ओळीने बसलेले दिसतात. गाठीबरोबर तेही गेले. म्हणून जिला मूल हवे आहे अशा तरुण स्त्रीची गाठ काढावी की नाही, काढावी तर किती काढावी, याचा विचार शस्त्रक्रियेच्या आधी, तिच्याशी मोकळेपणाने बोलून करावा लागतो.

तिसरे रूप खोलवरचे. पर्युदराच्या खाली ५ मिलिमीटरहून खोल गेलेल्या विकाराला हे नाव देण्याची प्रथा आहे. गर्भाशयाच्या मागचे बंध, गुदाशय आणि योनी यांच्यामधली जागा, आतड्याची भिंत, मूत्राशय, ही त्याची ठिकाणे. काचपट्टीवर येथे ग्रंथी फार थोड्या दिसतात. समुद्रात विखुरलेल्या बेटांसारख्या. समुद्र असतो तो तंतुमय ऊतकाचा आणि अनैच्छिक स्नायूंचा. गाठीचा हाताला लागणारा टणकपणा या स्नायूंमुळे आणि तंतूंमुळे आलेला असतो, आणि पाळी थांबविणाऱ्या गोळ्यांनी ग्रंथी सुकल्या तरी हा टणक भाग पुरता विरघळत नाही, त्याचे कारणही हेच.

या चित्रात आणखी एक गोष्ट असते, आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची. खोल गेलेले हे ऊतक कित्येकदा मज्जातंतूंना बिलगलेले, क्वचित त्यांच्या आवरणात शिरलेलेही दिसते. संभोगाच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी कळ येते असे एखादी स्त्री संकोचाने सांगते, आणि ऐकणारा ते मनावर घेत नाही. काचपट्टीवर मज्जातंतूला वेढून बसलेली ती ग्रंथी पाहिली म्हणजे कळते की बाई अक्षर न् अक्षर खरे सांगत होती. आतड्याच्या बाबतीत एक उलटा चकवाही असतो. विकार बाहेरून आत शिरतो आणि बहुधा आतड्याच्या स्नायूंच्या थरातच थांबतो. आतली नाजूक त्वचा शाबूत राहते. त्यामुळे आतड्यात दुर्बीण घालून पाहिले तर सारे ठीक दिसते, आणि ‘तुम्हांला काहीच झालेले नाही’ असे त्या स्त्रीला सांगितले जाते. मूत्रनलिकेला वेढणारा विकार तर याहून कपटी. तो कधी कधी काहीही न दुखविता मूत्रपिंड निकामी करतो.

या तीन रूपांखेरीज आपल्या देशात ध्यानी ठेवावी अशी एक जागा आहे, ती म्हणजे शस्त्रक्रियेचा व्रण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९ ते २०२१ या काळात भारतातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. यांतील फारच थोड्या स्त्रियांत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, व्रणात एक गाठ लागते आणि ती पाळीच्या दिवसांत सुजते व दुखते. तिला आधी हर्निया किंवा टाक्याची गाठ समजतात. तुकडा तपासला की चरबी आणि व्रण यांच्यामध्ये गर्भाशयाच्या ग्रंथी बसलेल्या सापडतात.

आणखी एक सावधगिरी आपल्याकडे हवी. स्त्रीच्या ओटीपोटातील क्षयरोगही अशीच लक्षणे दाखवितो: दुखणे, बीजांडकोशाजवळ गाठ, मूल न होणे. दुर्बिणीतूनही दोहोंचा घोटाळा होऊ शकतो. काचपट्टीवर मात्र क्षयाची ओळख अगदी निराळी असते. अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी आणि मधोमध पनीरासारखा मृत भाग अशी त्याची गाठ असते. एका रोगाला क्षयाची औषधे आणि दुसऱ्याला संप्रेरकांची, इतका उपचारांत फरक आहे. म्हणून तपासणीसाठी तुकडा पाठविण्याचा कंटाळा करू नये.

कर्करोगाची भीती पुष्कळांच्या मनात येते, तिच्याविषयीही सांगतो. या विकारातून क्वचित कर्करोग उद्भवतो, हे सॅम्पसन यांनीच १९२५ मध्ये दाखविले होते, आणि बीजांडकोशाच्या काही विशिष्ट कर्करोगांशी त्याचे नाते आज सिद्ध झाले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, कर्करोग नसलेल्या स्त्रियांच्या खोल गाठींतील ग्रंथींमध्येही कर्करोगात आढळणारे काही जनुकीय बदल सापडले. शेजारच्या आधारपेशींत मात्र ते नव्हते. तरीही या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना हा कर्करोग कधीच होत नाही. भीती नको, दुर्लक्षही नको, एवढाच याचा अर्थ.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काचपट्टी बोलली तर तिची साक्ष पक्की असते. पण ती गप्प राहिली तर? तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, आणि त्यातून आम्ही पाहतो ते केवळ काही काप. ग्रंथी त्या कापांत न येता मेणाच्या वडीत तशीच राहिलेली असू शकते. गोळ्या चालू असलेल्या स्त्रीत ग्रंथी आक्रसतात आणि आधारपेशींचे रूप पालटते. कधी आधारपेशी तेवढ्या असतात आणि ग्रंथी मुळीच नसतात; तेव्हा त्या पेशी ओळखण्यासाठी खास रंगक्रिया करावी लागते. पांढऱ्या ठिपक्यात तर नुसता व्रणच हाती लागतो. म्हणून युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान संस्थेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले की तुकड्याच्या तपासणीत काही सापडले नाही म्हणून विकार नाहीच असे ठरत नाही. आणि प्रत्येक स्त्रीवर निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असेही नाही. लक्षणे ऐकून, तपासून, सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. पाहून उपचार सुरू करता येतात.

विकार किती पसरला आहे आणि दुखते किती, यांचा मेळ बसत नाही, हेही लक्षात असू द्यावे. एखादीच्या बीजांडकोशात मोठी गाठ असते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो; दुसरीच्या पोटात चार ठिपके असतात आणि ती दर महिन्याला अंथरुणाला खिळते. गाठ कोठे आहे, मज्जातंतूंच्या किती जवळ आहे, भोवती दाह किती आहे, यांवर वेदना अवलंबून असते. गाठीच्या मापावर नव्हे. तेव्हा अहवालातील आकडा लहान आहे म्हणून दुखणेही लहान, असा हिशेब कोणी मांडू नये.

ज्या बहिणींची अशी शस्त्रक्रिया झाली असेल त्यांना एक व्यवहाराची सूचना करतो. आपला अहवाल जपून ठेवावा. काचपट्ट्या आणि मेणाच्या वड्या प्रयोगशाळेत काही काळ ठेवलेल्या असतात. शंका असल्यास त्या मागून घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखविता येतात. त्याच वडीतून नवे काप घेऊन पुन्हा पाहता येते. पहिल्या पाहण्यात न सापडलेले दुसऱ्या पाहण्यात सापडणे, हे आमच्या शास्त्रात नवे नाही.

आणि घरच्या मंडळींना इतकेच सांगणे आहे की काचपट्टीची साक्ष पुष्कळ उशिरा येते. तिच्या आधी, कित्येक वर्षे आधी, दुसरी एक साक्ष आपल्यासमोर असते. मुलगी म्हणते, ‘आई, फार दुखते गं.’ त्या साक्षीला पुरावा मागत बसू नये. प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा, आणि मग तिला डॉक्टरांकडे न्यावे.